आधी संशय की आधी नोंद?

पत्र: माझे मोठे भाऊ पोलीस खात्यात तपासाचं काम करतात. घरात विषय निघाला की ते म्हणतात, सगळीकडे कॅमेरे हवेत, सगळ्यांच्या फोनच्या नोंदी हाताशी हव्यात, त्याशिवाय गुन्हेगार सापडत नाहीत. "तुला लपवायचंय तरी काय?" असं त्यांनी विचारलं की मी गप्प होते. लपवायचं काही नाही, पण पटतही नाही. मध्यंतरी मी इंटरनेटवरचा पत्ता लपवणारा व्हीपीएन घेतला, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली आणि आता स्मार्टफोन सोडून साधा बटणांचा फोन घ्यावा असं डोक्यात आहे. वहिनी हसतात. मी उगाच घाबरतेय का? खरोखर उपयोगाचं काय करता येईल? आणि उद्या एखाद्या अधिकाऱ्यानं फोन मागितलाच तर काय करायचं?

उत्तर: बटणांचा फोन घेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण तो खर्च होण्याआधी हे सांगायला हवं. साध्या फोनवरून होतात ते कॉल आणि एसएमएस, आणि संपर्काच्या सगळ्या साधनांत हीच दोन सर्वांत उघडी आहेत. एसएमएसचा मजकूर टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेत वाचता येतो, कॉल तिथेच ऐकता येतो, आणि कोणत्या वेळी तुम्ही कोणत्या टॉवरखाली होतात ही नोंद स्मार्टफोनइतकीच तयार होते. त्यातून तो फोन टूजी या जुन्या नेटवर्कवर चालणारा असेल तर आणखी वाईट. टूजीमध्ये फोनला नेटवर्ककडे आपली ओळख पटवावी लागते, नेटवर्कला मात्र फोनकडे काहीच सिद्ध करावं लागत नाही. त्यामुळे बॅगेत मावणारं एखादं यंत्र टॉवर असल्याची बतावणी करून आसपासचे फोन स्वतःकडे ओढू शकतं. अपडेट होत राहणारा, सेटिंग्ज नीट केलेला स्मार्टफोन यापेक्षा कितीतरी बरा.

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. पण पट्टी, व्हीपीएन आणि बटणांचा फोन या तिन्हींवरून असं वाटतं की तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी चोरून बघणारा माणूस आहे. सरसकट पाळतीत सहसा कुणी बघत नसतं. नोंद होत असते, ती साठत असते, आणि बघायचं कारण नंतर कधीतरी निघतं. दादांशी वाद घालताना आणि फोनची सेटिंग्ज बदलताना हाच फरक उपयोगी पडेल.

दादांच्या म्हणण्यातलं खरं आधी मान्य करा. खुनाच्या तपासात सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदींचा तक्ता, लागतो, अपहरणात शेवटचा टॉवर लागतो, धडक देऊन पळालेली गाडी बऱ्याचदा कॅमेऱ्यातच सापडते. याला कुणी शहाणा माणूस विरोध करत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. तपासात आधी गुन्हा घडतो, मग कुणावर तरी सकारण संशय येतो, मग त्या माणसाच्या, ठरावीक काळातल्या नोंदी काढल्या जातात, आणि तपास करणाऱ्याहून वेगळ्या कुणीतरी, शक्यतो न्यायाधीशानं, त्याला मंजुरी दिलेली असते. सरसकट पाळतीत हा क्रम उलटतो. आधी सगळ्यांच्या नोंदी, नंतर त्यातून संशयित. दादा पहिल्या गोष्टीचे दाखले देऊन दुसरीचं समर्थन करताहेत. त्यांना एवढंच विचारा, "तुम्ही सोडवलेल्या किती प्रकरणांत, ज्यांच्यावर काडीचा संशय नव्हता अशा लोकांच्या नोंदी आधीपासून साठवलेल्या असणं अत्यावश्यक होतं?" उत्तर प्रामाणिक असेल तर आकडा लहान निघेल. शून्य निघेलच असं नाही, हेही लक्षात असू द्या.

मग हिशेब कागदावर मांडा. समजा एक कोटी लोक आहेत आणि त्यांत १०० जण खरोखर एखाद्या भयंकर गुन्ह्याच्या तयारीत आहेत. यंत्रणा अशी की गुन्हेगाराला १०० पैकी ९९ वेळा ओळखते आणि निरपराध माणसाला १०० पैकी ९९ वेळा सोडून देते. इतकी चांगली यंत्रणा विकत मिळणं कठीण, पण धरून चालू. १०० पैकी ९९ गुन्हेगार हाती लागतील. उरलेल्या ९९,९९,९०० निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे जवळपास एक लाख माणसंही त्याच यादीत येतील. यादीतल्या सुमारे हजार नावांमागे एक खरा. ही लाखभर नावं तपासायला माणसं कुठून आणणार हे दादांनाच विचारा. मनुष्यबळाची रड त्यांना तुमच्याहून चांगली ठाऊक असेल. गडबड यंत्राच्या दर्जात नाही. ज्याला शोधायचं तो दुर्मीळ आणि ज्यांच्यात शोधायचं ते अफाट, त्यामुळे चुकीचं अगदी लहान प्रमाणही खऱ्या सापडण्यांना गिळून टाकतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये २०१७च्या फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीग फायनलच्या वेळी साउथ वेल्स पोलिसांनी गर्दीचे चेहरे आपल्या यादीशी जुळवून पाहिले. यंत्रानं २,४७० जुळण्या दाखवल्या, त्यांतल्या २,२९७ चुकीच्या होत्या. तेव्हापासून चेहरा ओळखणारी प्रणाली बरीच सुधारली आहे, तो आकडा आजच्या यंत्राच्या माथी मारणं योग्य नाही. पण अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप संस्थेनं २०१९मध्ये तपासलेल्या अनेक प्रणालींमध्ये आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांबाबत चुकीच्या जुळणीचं प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट निघालं होतं. चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. साउथ वेल्सच्या प्रकरणात अपील न्यायालयानं २०२०मध्ये तो वापर बेकायदा ठरवला, आणि त्यातलं एक कारण मोठं नेमकं होतं: यादीत कुणाला घ्यायचं आणि यंत्र कुठे लावायचं हे जवळपास पूर्णपणे पोलिसांच्या मर्जीवर सोडलं होतं.

सरसकट नोंदींचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. जून २०१३मध्ये एनएसए या अमेरिकी हेरसंस्थेसाठी काम करणाऱ्या एडवर्ड स्नोडेननं तिची गुप्त कागदपत्रं बाहेर आणली तेव्हा कळलं की व्हेरायझनसारख्या टेलिफोन कंपनीला ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज एनएसएला देण्याचा गुप्त न्यायालयीन आदेश होता. बोलणं नव्हे, कुणी, कुणाला, कधी, किती वेळ. जानेवारी २०१४मध्ये सरकारच्याच स्वतंत्र देखरेख मंडळानं या कार्यक्रमाचा हिशेब मांडला. त्यांना असं एकही प्रकरण सापडलं नाही, जिथे देशाला असलेल्या धोक्याच्या तपासाचा निकाल या नोंदींमुळे ठोसपणे बदलला. मे २०१५मध्ये अपील न्यायालयानं हा कार्यक्रम कायद्याच्या चौकटीबाहेरचा ठरवला आणि पुढच्या महिन्यात संसदेनं तो बंद करणारा कायदा केला. गोपनीय माहिती बघण्याची मुभा असलेल्या मंडळानं शोधूनही फायदा सापडला नाही, ही गोष्ट वादात वजनदार ठरते.

आता "लपवायचंय काय?" या प्रश्नाकडे. यावर उत्तर देण्याच्या भानगडीत पडलात की हरलात, कारण प्रश्न विचारणाऱ्यानं सिद्ध करण्याची जबाबदारी आधीच तुमच्यावर ढकललेली असते. दादांना उलट विचारा, खबऱ्याचं नाव ते का लपवतात? वकील आणि अशील, डॉक्टर आणि पेशंट, पत्रकार आणि त्याला माहिती देणारा: यांपैकी एकही नातं उघड्यावर चालत नाही, आणि यांतलं कुणीही गुन्हा करत नसतं.

शिवाय "फक्त नोंदी आहेत, बोलणं थोडंच ऐकतो" हे वाक्य दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८२३ स्वयंसेवकांच्या फोनच्या नुसत्या नोंदी अभ्यासल्या आणि २०१६मध्ये निष्कर्ष छापले. कुणाचं हृदयरोगतज्ज्ञांशी, प्रयोगशाळेशी, औषधांच्या दुकानाशी आणि हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाच्या क्रमांकाशी फोनवर बोलणं झालं, एवढ्यावरून त्या माणसाचा आजार ओळखता आला. लोकेशनचं तर याहून सोपं. २०१३च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी नावं काढून तपासल्या होत्या. कोण कुठे कधी होतं असे अवघे चार बिंदू पुरले, आणि ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे निघाले. रात्री फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे असतो, एवढं कळलं की नाव काढून टाकण्याला अर्थ उरत नाही.

पण दादांच्या पचनी सहज पडेल असा मुद्दा वेगळाच आहे, कारण तो त्यांनी खात्यात जवळून पाहिलेला असण्याची शक्यता आहे: कुंपणच शेत खातं तेव्हा काय? एनएसएच्या महानिरीक्षकांनी सप्टेंबर २०१३मध्ये अमेरिकेच्या एका सिनेटरला पत्रानं कळवलं की २००३पासून जाणूनबुजून गैरवापर केल्याची १२ प्रकरणं सिद्ध झाली आहेत. त्यांतली बरीचशी प्रेमपात्रांची, जोडीदारांची, आजी-माजी मित्रमैत्रिणींची माहिती काढल्याची. काही जण तर पुढच्या वेळी खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसले तेव्हा स्वतःच बोलून गेले. जगातल्या सर्वांत काटेकोर समजल्या जाणाऱ्या संस्थेत हे, तर जिथे एकाच पासवर्डनं सगळी शिफ्ट लॉगिन होते तिथली कल्पना करा.

आणि नोंद एकदा झाली की ती जमवणाऱ्याच्याच हाती राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पोलिसांना कायदेशीररीत्या फोन ऐकता यावेत म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ठेवलेली सोय २००४-०५मध्ये ग्रीसमध्ये कुणीतरी गुपचूप ताब्यात घेतली आणि खुद्द पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन महिनोन् महिने ऐकले गेले. २०२४मध्ये तेच मोठ्या प्रमाणावर झालं. चीनशी संबंधित हॅकर अमेरिकेतल्या बड्या टेलिफोन कंपन्यांमध्ये शिरले आणि न्यायालयीन आदेशानुसार पाळत ठेवण्यासाठी असलेल्या यंत्रणेतली माहितीही त्यांच्या हाती लागली. त्यानंतर तिथल्या सायबर सुरक्षा संस्थेनं लक्ष्य होऊ शकणाऱ्या बड्या व्यक्तींना लेखी सल्ला दिला, की एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणारं कुलूप, असलेली ॲपच वापरा. पोलिसांसाठी मागचं दार ठेवा असा आग्रह वर्षानुवर्षं धरणाऱ्या सरकारच्याच एका संस्थेचा हा सल्ला. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं २०१५मध्ये उघड झालं, त्यात ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसे होते. पासवर्ड बदलता येतो. ठशांचं काय करणार?

सत्ता बदलते तेव्हा काय, हा शेवटचा मुद्दा. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदवहीत माणसाचा धर्म लिहिलेला असे. कारण साधं प्रशासकीय होतं. १९४०मध्ये जर्मन सैन्य आलं आणि ती नोंदवही आयती हातात पडली. २७ मार्च १९४३ला प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं, पण तोवर फार उशीर झाला होता. नोंद करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. नोंद टिकली आणि मालक बदलले, इतकंच. हा मुद्दा दादांवर आरोप म्हणून वापरू नका, तो त्यांच्याबद्दल नाहीच.

कुठल्याही देशात, कुठलीही नवी यंत्रणा येते आहे असं कळलं तर तिच्याबद्दल विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: तिला कायद्याचा आधार आहे की नुसतं परिपत्रक आहे? उद्देश नेमका लिहिला आहे का, आणि दुसऱ्या कामाला माहिती वापरायला बंदी आहे का? नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात? बघण्याची परवानगी खात्याबाहेरचं कुणी देतं का? कुणी कधी काय बघितलं याची नोंद राहते का, आणि ती कोण तपासतं? न्यायालयांनीही साधारण हेच निकष लावले आहेत. सगळ्या ग्राहकांच्या नोंदी सहा महिने ते दोन वर्षं साठवायला लावणारा युरोपीय संघाचा नियम त्यांच्याच न्यायालयानं ८ एप्रिल २०१४ला रद्द केला, कारण त्यात संशयित आणि निरपराध असा भेदच नव्हता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणा मूलभूत हक्क ठरवताना कायद्याचा आधार, वैध उद्देश आणि उद्देशाच्या प्रमाणातच उपाय अशी कसोटी दिली. अमेरिकेत २०१८च्या कार्पेंटर खटल्यात एका माणसाच्या १२७ दिवसांतल्या १२,८९८ लोकेशन नोंदी वॉरंटशिवाय काढल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, वॉरंट लागेल. यांतल्या एकाही न्यायालयानं तपासाला नोंदी वापरू नका असं म्हटलेलं नाही.

आता तुमचा फोन. एकच तत्त्व धरून चला: जी माहिती जमाच झाली नाही ती कुणी मागू शकत नाही, विकत घेऊ शकत नाही, चोरूही शकत नाही. याचा पुरावा म्हणून २०१६चं एक प्रकरण बघण्यासारखं आहे. सिग्नल हे मेसेजिंग ॲप चालवणाऱ्यांना अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीचं, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, समन्स आलं. त्यांनी असलेली सगळी माहिती दिली: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी त्यांच्याकडे काही नव्हतंच. वकिलांची फौज जे करू शकत नाही ते रिकाम्या कपाटानं केलं.

तुमचा व्हीपीएन या तत्त्वात फारसा बसत नाही. तो तुमची इंटरनेट कंपनी आणि तुम्ही यांच्यामध्ये पडदा टाकतो. कोणत्या साइटवर गेलात हे कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याला कळतं. विश्वास एकाकडून दुसऱ्याकडे गेला, इतकाच बदल. टॉवरला तुमचं ठिकाण कळतंच, ॲपला जीपीएस दिलं असेल तर तेही जातंच, आणि तुम्ही आपल्या खात्यानं लॉगिन केलं की पत्ता लपवून उपयोग शून्य. फुकटचा असेल तर आजच काढा. चालवण्याचा खर्च कुठून तरी वसूल होत असणार. कॅमेऱ्यावरची पट्टी राहू द्या, नुकसान नाही. वहिनींना हसू द्या.

सर्वांत आधी बॅकअपकडे बघा, कारण बहुतेकांची गळती तिथे असते. व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येत नाहीत. पण त्यांचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातो आणि तो आपोआप त्याच पद्धतीनं कुलूपबंद होत नाही. मग चॅट वाचायला व्हॉट्सॲपकडे जायची गरजच पडत नाही, बॅकअप ठेवणाऱ्या कंपनीला आदेश द्यायचा. २०२१पासून यावर उपाय आहे: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, आणि तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप सुरू करा. पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली यांतलं एक निवडा. ते कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको. हरवलं तर बॅकअप कायमचा गेला, कंपनीही उघडून देऊ शकत नाही. लोक इथेच घाबरून ही सोय बंद ठेवतात. दुसरी अडचण अशी की ज्याच्याशी तुम्ही बोलता त्यानं हे केलं नसेल तर तुमचे मेसेज त्याच्या बॅकअपमध्ये उघडे पडलेले असतात. म्हणून नाजूक बोलण्यासाठी गायब होणारे मेसेज सुरू ठेवा, एक आठवड्याची मुदत बहुतेकांना पुरते. टेलिग्रामबद्दल मोठा गैरसमज आहे: तिथल्या नेहमीच्या चॅटला हे संरक्षण नाही, फक्त वेगळ्यानं सुरू केलेल्या सीक्रेट चॅटला आहे, आणि ग्रुपना तर नाहीच. आयफोन असेल तर ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन सुरू केल्यावर आयक्लाउडमधला बहुतेक साठा ॲपललाही उघडता येत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी दबावानंतर फेब्रुवारी २०२५मध्ये ॲपलनं ही सोय नव्या ग्राहकांना देणं बंद केलं, यावरून तिची ताकद ओळखा.

त्यानंतर लोकेशन. इथे धोका पोलिसांच्या आदेशापेक्षा जाहिरातींच्या बाजाराचा जास्त आहे. ॲपमध्ये जाहिरातीची जागा दिसते ना, ती क्षणार्धात लिलावाला जाते. बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांना त्या वेळी तुमच्या फोनचा जाहिरात क्रमांक आणि कित्येकदा ठिकाणही पाठवलं जातं. लिलाव हरणाऱ्यांनाही ती माहिती मिळालेली असतेच. ती साठवून विकणारा धंदा उभा आहे आणि त्याच्या गिऱ्हाइकांत सरकारंही आहेत. एफबीआयच्या तेव्हाच्या संचालकांनी मार्च २०२३मध्ये सिनेटसमोर कबूल केलं की जाहिरातींतून आलेली लोकेशनची माहिती संस्थेनं पूर्वी विकत घेतली होती. म्हणजे कार्पेंटर निकालानं जिथे वॉरंट लावलं, तिथे बिल भरून आत जायचा मार्ग निघाला. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि मग ॲड्स इथे जाऊन जाहिरात क्रमांक डिलीट करा. नुसता रीसेट करू नका. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ट्रॅकिंग उघडा आणि ॲपना परवानगी मागण्याचीच मुभा बंद करा. मग लोकेशनची यादी उघडून एकेक ॲप बघा. "नेहमी" हा पर्याय कुणालाच नको, नकाशाला "वापरताना" पुरतं, हवामानाच्या ॲपला अचूक ठिकाण लागत नाही, टॉर्च आणि कॅलेंडरला काहीच लागत नाही. गूगलची टाइमलाइन, म्हणजे तुम्ही कुठे कुठे गेलात याची नोंद, वापरत नसाल तर बंद करा. वापरत असाल तर फोनवर ठेवा, पुसण्याची मुदत तीन महिन्यांची करा आणि तिचा क्लाउड बॅकअप तपासा. गूगलनं डिसेंबर २०२३मध्ये हा साठा स्वतःच्या सर्व्हरवरून फोनवर हलवायचं जाहीर केलं. अमुक जागेच्या आसपास अमुक वेळी असलेल्या सगळ्या फोनची यादी द्या, अशी वॉरंट तोवर त्यांच्याकडे ढिगानं येत होती. असल्या यादीत गुन्ह्याच्या ठिकाणावरून सायकलनं गेलेला माणूसही येतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची सोयच ती.

टूजी बंद करता येत असेल तर करा. अँड्रॉइडच्या बऱ्याच नव्या फोनवर सिमच्या सेटिंग्जमध्ये बटण असतं.

लॉकचं गणित समजून घ्या, मग किती अंकी हवा ते आपोआप ठरेल. ॲपलच्या माहितीनुसार आयफोनवर एक पासकोड तपासून पाहायला साधारण ८० मिलिसेकंद लागतात, आणि तो वेग हार्डवेअरनंच बांधलेला असतो. सहा आकडी पासकोडच्या १० लाख शक्यता. चुकल्यावर थांबवणारी सोय एखाद्या साधनानं चुकवली, तर ८० हजार सेकंदांत, म्हणजे बावीस-तेवीस तासांत सगळ्या संपतात. सहाच जागा, पण लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळून वापरले तर त्याच वेगानं साडेपाच वर्षांहून जास्त लागतात. जन्मतारीख ठेवली असेल तर वरचं सगळं विसरा, ती आधी करून बघितली जाते.

रीस्टार्टची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. फोन चालू केल्यावर तुम्ही पहिल्यांदा पासकोड घालेपर्यंत आतली बहुतेक माहिती खरोखर कुलूपबंद असते. एकदा उघडला की नंतर स्क्रीन लॉक केली तरी बऱ्याच किल्ल्या मेमरीत राहतात, आणि तपासयंत्रणा वापरतात ती सेलेब्राइटसारखी साधनं मुख्यतः याच अवस्थेतल्या फोनवर चालतात. म्हणून सीमा ओलांडताना किंवा फोन कुणाच्या ताब्यात जाऊ शकतो अशा ठिकाणी जाण्याआधी तो बंद करा. नव्या आयफोन प्रणालीत तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रीस्टार्ट होतो, आणि २०२५मध्ये अँड्रॉइडवरही तशी सोय आली. बंद करायला वेळ नसेल तर आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण दोन सेकंद एकत्र दाबा, अँड्रॉइडवर पॉवर मेनूतलं लॉकडाउन निवडा. चेहरा आणि बोट चालेनासं होतं, पासकोडच लागतो.

पेगाससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर हा वेगळाच प्रकार. ते महाग असतं आणि नाव ठरवून एकेका माणसावर सोडलं जातं. वरची सेटिंग्ज त्याला अडवणार नाहीत. पत्रकार, वकील किंवा आंदोलनातले असाल तर आयफोनचा लॉकडाउन मोड वापरा, अपडेट आलं की त्याच दिवशी टाका. तुमच्या पत्रातून तरी तशी वेळ दिसत नाही.

राहिला अधिकाऱ्यानं फोन मागण्याचा प्रश्न. देशागणिक कायदा वेगळा आहे, त्यामुळे स्थानिक वकिलाचा नंबर आधीच पाठ ठेवा किंवा कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन गेला की नंबरही जातात. ब्रिटनमध्ये पासवर्ड द्यायची लेखी नोटीस निघू शकते आणि न दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे, राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रकरणात पाच. अमेरिकेत २०१४पासून अटक केलेल्या माणसाचाही फोन बघायला साधारणपणे वॉरंट लागतं, सीमेवरचे नियम मात्र वेगळे. तेव्हा "मी कधीच देणार नाही" किंवा "द्यावाच लागतो" अशी दोन्ही वाक्यं ठोकून बोलणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

जवळपास कुठेही लागू पडेल ते असं. आवाज चढवू नका, हिसकाहिसकी करू नका. ही विनंती आहे की आदेश, हे स्पष्ट विचारा. "जरा बघू" ही बहुतेक वेळा विनंती असते, आणि तुम्ही उघडून हातात दिलात की ती तुमची संमती धरली जाते. मग वॉरंटचा प्रश्नच येत नाही. "माझी संमती नाही, पण लेखी आदेश असेल तर मी अडवणार नाही" एवढं एक वाक्य पुरतं. आदेश दाखवला तर त्यात नाव, उपकरण, कारण आणि काळ वाचा. खोटं बोलू नका. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत कायद्याला मोठा फरक दिसतो. मागणी झाल्यावर काहीही डिलीट करू नका, फॅक्टरी रीसेट तर मुळीच नाही, तो पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा ठरू शकतो. गायब होणारे मेसेज आधीपासून सुरू असणं आणि मागणी आल्यावर सुरू करणं या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत. फोन घेतलाच तर पावती मागा. तिच्यावर मॉडेल, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, सिम, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव हवं, आणि आतल्या माहितीची प्रत काढणार असतील तर तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या माहितीवरूनच गणितानं काढलेला ओळखीचा आकडा, हीही नोंदवायला सांगा. नंतर प्रतीत कुणी फेरफार केला तर तो त्या आकड्यावरूनच पकडता येतो. ही मागणी दादांना अजिबात विचित्र वाटणार नाही, चांगला तपास अधिकारी ती न मागता करतो.

फोन परत आला की लगेच वापरायला घेऊ नका. दुसऱ्या विश्वासू उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, व्हॉट्सॲप आणि सिग्नलमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघून अनोळखी ते काढून टाका. प्रकरण चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय रीसेट करू नका, तोवर दुसरा फोन वापरा. प्रकरण संपलं असेल तर रीसेट करून नव्यानं मांडा, आणि बॅकअप टाकताना जप्तीच्या आधीचा टाका.